फडाचे पाणी, गावाचा सलोखा

टंचाईपेक्षाही संशय गावात अधिक तंटे लावतो. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीने हे फार पूर्वी ओळखले. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड, म्हणजे मोठे गट, पाडलेले असत. नदीचे पाणी पाहून कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे, हे पंच सर्वांसमक्ष ठरवीत. पाटकरी पाळीने पाणी देई, जागल्या पिके राखी. शेतकऱ्यांची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्याने तूटही सर्वांच्या वाट्यास येई. कोणाला, किती, केव्हा हे सर्वांस ठाऊक असल्याने संशयास जागा उरत नसे. पंचायतींनी व पाणीवापर संस्थांनी पाणीपाळीचा तक्ता चावडीवर अवश्य लावावा. तंटा मिटविण्याहून तो उद्भवू न देणे अधिक श्रेयस्कर होय.