नाव देण्याआधी वर्णन



कोलकात्यात शरीररचनेवर बोलायचं तर १८३६ हे साल ओलांडून पुढे जाता येत नाही. त्या वर्षी इथल्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी रूढीचा विरोध पत्करून शवविच्छेदन केलं. योगायोग असा, की त्याच वर्षी युरोपात कूपर आणि शासिना या दोघांनी आज आपण ज्याला सिमिटर सिंड्रोम म्हणतो, ती जन्मजात विकृती स्वतंत्रपणे नोंदवली. उजवं फुप्फुस खुरटलेलं, आणि त्यातलं शुद्ध रक्त डाव्या अलिंदाकडे न नेता खाली इन्फिरिअर व्हेना कावात सोडणारी नीला.

आज असं बाळ आपल्याकडे आलं, तर हृदयरोगतज्ज्ञ नीलेवरून निदान लिहितील, छातीचे डॉक्टर खुरटलेल्या फुप्फुसावरून. महाधमनीतून त्याच फुप्फुसाला आलेली जादा धमनी दिसली, तर सर्जन ‘सिक्वेस्ट्रेशन’ म्हणतील. तिघांचंही पाहणं खरं आहे. पण कागदावर तीन आजार होतात. आयसीडी-१० या संकेतावलीतही श्वासनलिका क्यू ३२ मध्ये, फुप्फुस क्यू ३३ मध्ये, आणि नीला रक्ताभिसरणाच्या विभागात, क्यू २६ मध्ये. नोंदवहीतून हे एकच बाळ पुन्हा जुळवणं फार अवघड जातं.

नावांचा असाच घोळ फुप्फुसातल्या जन्मजात गाठी-पोकळ्यांबाबतही होतो. त्यांचं वर्गीकरण स्टॉकर यांनी १९७७ साली तीन प्रकारांत केलं, २००२ मध्ये ते शून्य ते चार असं पाच प्रकारांचं झालं. पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर त्याचं मोल मोठं आहे. परंतु विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीवर ‘स्टॉकर टाइप वन’ असं लिहिलेलं मी वाचतो, तेव्हा मला ते मान्य होत नाही. सूक्ष्मदर्शकातून ठरणारी गोष्ट गर्भाच्या छायेवरून कशी ठरवायची? चौथा प्रकार आणि प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा हा कर्करोग यांच्यातली सीमा तर पेशी पाहूनही पुसट राहते. त्यापेक्षा ॲडझिक यांची १९८५ची विभागणी, मोठ्या पोकळ्या आणि बारीक पोकळ्या, जास्त प्रामाणिक आहे. जेवढं दिसतं तेवढंच ती सांगते.

१९८७ साली क्लेमेंट्स आणि वॉर्नर यांनी श्वासमार्ग, फुप्फुसाची ऊती, येणारी धमनी आणि जाणारी नीला यांच्या जोडणीच्या आधारावर या विकृतींचं वर्गीकरण मांडलं. २००१ मध्ये अँड्र्यू बुश यांनी स्वच्छ विचारांचा आणि स्वच्छ परिभाषेचा आग्रह धरला. मी याच पक्षाचा आहे. आधी वर्णन, मग नाव.

यात बाळाचा जीव गुंतलेला आहे. सिक्वेस्ट्रेशनची धमनी कधीकधी छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखालून, पोटातल्या महाधमनीतून वर येते. ती अहवालात नसेल आणि शस्त्रक्रियेत नकळत कापली गेली, तर तिचं टोक पडद्याखाली आकसतं आणि रक्तस्राव हाताबाहेर जातो. जन्मजात फुगलेला लोब न्यूमोथोरॅक्स समजून छातीत नळी घातली जाते. ‘दर पावसाळ्यात छाती भरते’ असं आई सांगते, एक्स-रेवरची सावली दर वेळी त्याच लोबमध्ये असते, आणि तरी क्षयाची औषधं सुरू होतात. एकाच जागी पुन्हा न्यूमोनिया झाला, की रचनेचा संशय घ्यायलाच हवा.

बालरोगतज्ज्ञांच्या कोलकात्यातल्या आणि मुंबईतल्या दोन संघटनांनी १९६३ साली एकत्र येऊन इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स उभी केली. दोन शहरांना जे जमलं, ते एका रुग्णालयातल्या विभागांना जमायला हरकत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. सीटी अँजिओच्या प्रत्येक अहवालात श्वासनलिका, ऊती, धमनी, नीला आणि हृदय यांवर वेगवेगळं वाक्य लिहा, सारं सुरळीत असलं तरी लिहा. गर्भातलं, सीटीवरचं आणि पॅथॉलॉजीचं निदान वेगळ्या रकान्यांत ठेवा, एकावरून दुसरं खोडू नका. आणि हा अहवाल बाळाच्या आईवडिलांच्या हाती द्या.