सरोवरकाठचे शेवटचे स्टेशन
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



जन्मभर रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाच्या हाती माईक दिला की तो रेल्वेवरच बोलणार, हे तुम्ही ओळखले असेलच. पण आज आपल्या मनमाड–काचीगुडा मार्गाबद्दल न बोलता पूर्व आफ्रिकेतल्या एका गावाबद्दल सांगतो. तिथली लाईन आपल्या जुन्या छोट्या लाईनच्याच मापाची, म्हणजे एक मीटर रुंदीची. सुरुवातीची काही इंजिनेही हिंदुस्थानातून नेलेली, आणि रूळ टाकणारे हात बहुतेक हिंदुस्थानी.

गावाचे नाव किसुमू. केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी. भूगोलाच्या तासाला नाईलचा उगम दाखवताना याच सरोवरावर छडी टेकायची. इंग्रजांना युगांडापर्यंत माल न्यायचा होता. म्हणून १८९६ साली मोम्बासा बंदरापासून काम सुरू झाले. १८९८ मध्ये त्सावो नदीच्या पुलावर दोन सिंहांनी मजुरांवर इतके हल्ले केले की काम थांबले. १८९९ मध्ये रूळ एका दलदलीच्या माळापाशी पोचले. तेच आजचे नैरोबी. पुढे रिफ्ट खोऱ्यात उतरायचे, मग अडीच हजार मीटरांच्या आसपासचा माऊचा डोंगर चढायचा आणि पुन्हा ११३४ मीटरांवरच्या सरोवरापर्यंत खाली यायचे. २० डिसेंबर १९०१ रोजी लाईन पाण्यापाशी पोचली. तिथले एक इंजिनियर प्रेस्टन यांच्या पत्नी फ्लोरेन्स यांनी शेवटचा खिळा ठोकला आणि स्टेशनाला नाव मिळाले पोर्ट फ्लोरेन्स.

या बंदराची खरी गंमत पुढे आहे. सरोवरात मोठी आगबोट आणायची कशी? समुद्रातून वाट नाही. म्हणून बोट विलायतेत बांधायची, सुटी करायची, भागांवर नंबर टाकायचे, जहाजाने मोम्बासाला आणि रेल्वेने किसुमूला न्यायची आणि काठावर पुन्हा जोडायची. १९०२ मध्ये ‘विनिफ्रेड’ अशीच पाण्यात उतरली. मग युगांडाचा कापूस बोटीने किसुमूला येऊ लागला आणि तिथून रेल्वेने समुद्राकडे जाऊ लागला. गाडी जिथे संपते आणि बोट जिथे सुरू होते, तिथे गोदाम लागते, हमाल लागतो, दुकान लागते. किसुमू त्यावरच वाढले.

आणि त्यावरच अडलेही. १९३१ मध्ये नाकुरूहून उत्तरेकडून काढलेली लाईन थेट कंपालाला पोचली. माल बोटीत चढवण्याची गरज कमी झाली आणि मुख्य मार्गावरचे किसुमू शाखेवरचे स्टेशन झाले. १९६०च्या दशकात डेकवर रूळ असलेल्या बोटी आल्या. डबे न उतरवता सरोवरापार जाऊ लागले. १९७७ मध्ये तीन देशांची सामाईक रेल्वे फुटली आणि लाईनची देखभाल मागे पडत गेली. प्रवासी गाडी तर अनेक वर्षे बंद होती. डिसेंबर २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

हे तुम्हाला का सांगतो? या लाईनसाठी सुमारे ३२,००० हिंदुस्थानी मजूर नेले गेले. बहुतेक पंजाबातले, कराचीहून बोटीत बसलेले. कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती. सरकारी हिशेबात त्यांतले २,४९३ जण तिकडेच मेले आणि ६,७२४ तिकडेच राहिले. आकडे शेवटच्या माणसापर्यंत मोजलेले आहेत. पण शेवटचा खिळा कोणी ठोकला ते नाव जितके सहज सापडते, तितके वाटेतले लाखो खिळे ठोकणाऱ्यांचे सापडत नाही.

आपल्याकडेही मीटरगेज गेली. पूर्णेच्या शेडमध्ये राबलेल्या घरांतली मुले आज या मंडपात बसली आहेत. कोणाचे वडील फायरमन होते, कोणाचे गँगमन, कोणाचे पॉइंट्समन. त्यांच्या ड्यूटीच्या वेळेवर आपल्या घरची चूल पेटायची. म्हणून एक विनंती. स्मरणिका समितीकडे आपापल्या वडिलांचे नाव, हुद्दा आणि स्टेशन लिहून द्या. दोन ओळी पुरेत. त्यांची नावे सांगू शकणारे आपणच शेवटचे आहोत.