अक्षरे दिसतात, अर्थ लागत नाही
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आज आपल्या जवळजवळ प्रत्येक घरात एक मूल संगणकशास्त्र शिकते आहे आणि एक वडीलधारी व्यक्ती रुग्णालयाच्या फेऱ्या घालते आहे. या दोघांचा एकमेकांशी काय संबंध, हे सांगावे अशी चिटणीसांची इच्छा होती. तो संबंध एका प्राध्यापकाच्या कारकिर्दीतून सांगण्याचे आम्ही योजले आहे.

प्रथम विषयाची ओळख. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लेखणी धावत जाते. शब्द कोठे संपला आणि कोठे सुरू झाला, हे जाणत्यासच कळते. मनुष्याच्या पेशीतील डी.एन.ए. हा असाच एक कागद आहे. त्यात चार अक्षरांत लिहिलेला सुमारे ३ अब्ज अक्षरांचा मजकूर आहे. त्याचा कच्चा आराखडा जून २००० मध्ये जाहीर झाला, २००३ मध्ये मूळ प्रकल्प पूर्ण झाला आणि राहिलेली रिकामी स्थळे भरून संपूर्ण वाचन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु अक्षरे उतरवून घेणे वेगळे आणि अर्थ लावणे वेगळे. प्रथिने घडविण्याचा प्रत्यक्ष मजकूर या ग्रंथाच्या शेकडा एक ते दोन भागातच आहे. उरलेल्या भागातील एखादे अक्षर बदलले, तर त्याने रोग होईल की काहीच होणार नाही?

हा प्रश्न टोरांटो विद्यापीठातील प्राध्यापक ब्रेंडन फ्रे यांच्यापुढे पुस्तकातून आला नाही. त्यांची विद्या अभियांत्रिकीची. ज्यांना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला, त्या जेफ्री हिंटन यांच्या हाताखाली त्यांनी १९९७ मध्ये पीएच.डी. संपादन केली. यंत्राने उदाहरणांवरून स्वतः शिकावे, हे त्यांचे क्षेत्र होते. २००२ मध्ये त्यांच्या पत्नीच्या गर्भारपणातील तपासणीत आनुवंशिक दोष आढळला. तो दोष किरकोळ ठरेल की गंभीर, हे वैद्यांना सांगता येईना. ते मूल जगात आले नाही. तपासणीचे साधन होते, परंतु तिचा अर्थ सांगणारे साधन नव्हते, हे शल्य त्यांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखविले आहे. त्यानंतर त्यांनी आपल्या संशोधनाची दिशा जनुकशास्त्राकडे वळविली.

त्यांनी हाती घेतलेला प्रश्न नेमका होता. जनुकाची नक्कल पेशीत उतरविली जाते, तेव्हा तीत कामाचे आणि बिनकामाचे तुकडे मिसळलेले असतात. पेशी बिनकामाचे तुकडे कापून टाकते आणि कामाचे एकमेकांस जोडते. आपल्या स्मरणिकेचे संपादक लेखांवर जी कात्री चालवितात, तीच ही क्रिया; फरक इतकाच की पेशी लेखकाची नाराजी ओढवून घेत नाही! मेंदूतील पेशी एका तऱ्हेने कापते, स्नायूतील पेशी दुसऱ्या तऱ्हेने. ही कात्री कोठे चालावी, याच्या खुणा मजकुरातच विखुरलेल्या असतात. प्राध्यापक फ्रे, त्याच विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लेंकोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये उंदरांच्या पेशींच्या आधारे त्या खुणांचे नियम यंत्राकडून शोधविले.

२०१५ मध्ये हीच रीत मनुष्याच्या जनुकांना लावण्यात आली. येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. यंत्रास रोगांची यादी शिकविलीच नव्हती. निरोगी पेशीत दहा हजारांहून अधिक तुकड्यांची जोडणी कशी होते, एवढेच त्यास दाखविले होते. त्या ज्ञानावर त्याने साडेसहा लाखांहून अधिक अक्षरबदल तपासले आणि कोणत्या बदलाने जोडणी बिघडेल, हे सांगितले. बालकांच्या स्नायूंना दुबळे करणारा एक आनुवंशिक विकार, मोठ्या आतड्याचा आनुवंशिक कर्करोग आणि स्वमग्नता, या तिन्ही बाबतींत या पद्धतीचा कस पाहिला गेला.

याचा रुग्णास उपयोग काय? विल्सन या रोगात शरीरात तांबे साचत जाते आणि यकृत व मेंदू यांची हानी होते. या रोगाशी निगडित अशा एका अक्षरबदलाचे कोडे होते. त्या बदलाने प्रथिनातील एक घटक बदलतो, म्हणून प्रथिन निकामी होत असावे, असे मानावे. तर प्रयोगशाळेत ते प्रथिन जवळजवळ नीट काम करीत असे. मग रोग कशाने? फ्रे यांनी पुढे स्थापन केलेल्या कंपनीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, त्या बदलामुळे जनुकाचा सहावा तुकडा जोडणीतूनच गळतो. कारण चुकीचे धरले, तर उपायही चुकीच्या जागी शोधला जातो. अर्थात कारण सापडणे आणि औषध हाती येणे यांत अनेक वर्षांचे अंतर असते. यंत्राने तर्क करावा, प्रयोगशाळेने तो तपासावा आणि रुग्णाच्या खाटेपाशी वैद्याने निर्णय घ्यावा, हाच क्रम योग्य होय.

येथे जमलेल्या तरुणांना आमचे सांगणे आहे की, या क्षेत्रात नुसत्या संगणकाच्या हुशारीवर निभाव लागत नाही. दोन शास्त्रांच्या उंबरठ्यावर उभे राहणाऱ्यास काही वर्षे दोन्ही घरांत पाहुणा म्हणून राहावे लागते. आपल्यापैकी ज्यांनी परप्रांतात येऊन येथील भाषा शिकली आणि घरातील मराठीही सोडली नाही, त्यांना या साधनेचे मोल निराळे सांगावयास नको.

आता आपल्या देशाकडे वळू. यंत्र उदाहरणांवरून शिकते, आणि जगातील जनुकीय नोंदींत फार मोठा वाटा युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. ज्या समाजाची उदाहरणे त्यास दाखविलीच नाहीत, त्या समाजाच्या रुग्णापुढे ते अडखळते आणि अहवालावर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. आपल्याकडे जातीतच विवाह करण्याची प्रथा शतकानुशतके चालत आल्याने हा प्रश्न अधिकच बिकट आहे. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६० हून अधिक समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८१ गट इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आढळले की, त्यांच्यात दुर्मिळ विकार साठून राहण्याचा संभव मोठा आहे. म्हणूनच २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाचे महत्त्व. त्यात ८० हून अधिक समाजगटांतील सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती सामग्री संशोधकांसाठी खुली करण्यात आली. फरीदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात ती ठेवलेली आहे.

शेवटी मंडळातील कुटुंबांना एक विनंती. आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिण्याची सुंदर परंपरा आहे. त्यांत मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, कोणी कोणती नोकरी केली, हे सारे सापडते. परंतु कोण कोणत्या व्याधीने आणि कितव्या वर्षी गेले, हे क्वचितच सापडते. गावी होतो तोवर ते आजीस ठाऊक असे. आता एक भाऊ जमशेदपुरास, दुसरा बडोद्यास, बहीण बंगळुरास. ही माहिती एका पिढीत विरून जाते. वैद्यास अहवाल वाचताना तिचाच मोठा आधार असतो. तेव्हा या दिवाळीत वडीलधाऱ्यांपाशी बसून तीन पिढ्यांच्या आजारांची नोंद एका वहीत करावी. तिच्यात कोणास लाज आणणारे काही नाही. विवाह जुळविताना मात्र ती कोणाविरुद्ध शस्त्र म्हणून वापरू नये, आणि ज्याची माहिती त्याच्या संमतीवाचून ती घराबाहेर देऊ नये.

यंत्र कितीही शहाणे झाले, तरी त्यास वाचावयास देण्याचा कागद आपल्याच घरात आहे. तो जपून ठेवावा, एवढी प्रार्थना करून आणि मंडळाच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देऊन आम्ही आपली रजा घेतो.