एका टक्क्याचे मोल



येथे खडकवासल्यात केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. नद्या, धरणे व बंदरे यांच्या लहान प्रतिकृती करून तेथे त्यांत पाणी खेळवतात. लहान प्रतिकृतीवरून मोठ्या नदीच्या वागण्याचा अंदाज येतो. पण काही पदार्थ असे आहेत की ते फार लहान केले म्हणजे त्यांचा स्वभावच बदलतो. अशा पदार्थांसाठी आयुष्य वेचणाऱ्या एका प्राध्यापकांची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे.

डॉ. प्रशांत कामत हे मूळचे कारवारजवळच्या बिणगा गावचे. पदवी त्यांनी कर्नाटक विद्यापीठातून घेतली आणि १९७९ साली मुंबई विद्यापीठातून भौतिक रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. पुढे ते अमेरिकेस गेले व १९८३ मध्ये नोत्र दाम विद्यापीठात रुजू झाले. तेथेच त्यांनी चार दशके एका प्रश्नाचा पिच्छा पुरविला : सूर्यप्रकाश पकडून त्याची वीज कशी करावी?

अर्धवाहक पदार्थावर प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन जागचा उठतो. मागे रिकामी जागा राहते. परंतु इलेक्ट्रॉन क्षणार्धात पुन्हा तेथे परततो आणि मिळालेली ऊर्जा वाया जाते. परतण्यापूर्वीच त्याला दुसरीकडे वळविणे, हेच या संशोधनाचे मर्म. कॅडमियम सेलेनाइडचे कण काही नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या काही अब्जांश भागांएवढे, केले तर केवळ आकार बदलून त्यांचा रंग बदलता येतो आणि ते कोणता प्रकाश शोषतील हेही ठरविता येते. हे कण टायटॅनियम डायऑक्साइडला जोडले की सुटलेला इलेक्ट्रॉन त्यात उडी घेतो आणि वीज वाहू लागते. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली अशा सौरघटाविषयीचे काम प्रसिद्ध केले.

त्यानंतर त्यांच्या गटाने ‘सौर रंग’ तयार केला. टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांवर कॅडमियमच्या संयुगांचा लेप देऊन त्याची खळ केली आणि ती वीजवाहक काचेवर कुंचल्याने लावली. ऊन पडताच वीज मिळाली. किती? पडलेल्या ऊर्जेच्या जेमतेम एक टक्का! बाजारातील सिलिकॉनचे सौरघट त्याच्या दसपट व अधिक वीज देत होते. तरीही हा आकडा न लपविता त्यांनी जगापुढे ठेवला, कारण आज मिळालेला खरा एक टक्का उद्याच्या संशोधकाची पहिली पायरी असते. अशा सूक्ष्म कणांच्या शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल तीन शास्त्रज्ञांना मिळाले. त्यांत कामतांचे नाव नव्हते. पण विज्ञानाची इमारत नोबेल मिळविणारांच्याच हातांनी उभी राहत नसते.

पालकहो, आता आपल्या घरांकडे वळू या. वैद्यकीय प्रवेश परीक्षेत एक टक्का कमी पडून प्रवेश हुकला की घरात सुतकी कळा येते. मुलगा बी. एस्सी.ला गेला तर ‘वाया गेला’ म्हणतात आणि मुलगी गेली तर ‘लग्न होईपर्यंत शिकू दे’ म्हणतात. ही दोन्ही वाक्ये आपण आजपासून टाकून द्यावीत. कामतांची वाटही विज्ञानाच्या पदवीवरूनच गेली होती.

आणि ही वाट शोधण्यास अमेरिकाच गाठावी लागते असेही नाही. पुण्यातच पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तेथेच २००६ साली स्थापन झालेल्या ‘आयसर’ संस्थेत बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांचा विज्ञानाचा अभ्यासक्रम करता येतो. त्या परीक्षेचा अर्ज आपल्या मुलांबरोबर मुलींसाठीही आवर्जून भरा.

विद्यार्थी मित्रांनो, एक चांगला प्रश्न निवडा आणि तो लवकर सोडू नका. उत्तर एकच टक्का मिळाले, तरी ते प्रामाणिकपणे वहीत लिहा. पुढची पायरी तेथूनच सुरू होते.