काजळीचा गुण



मराठीच्या अध्यापकाने प्लॅस्टिकविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु जुन्या पोथ्या हाताळणाऱ्याला काजळी परकी नसते. दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात घोटून केलेल्या शाईची अक्षरे शतकानुशतके काळीभोर राहतात. कारण कर्ब प्रकाशाने विटत नाही आणि सहसा कशाशी संयोगही पावत नाही. तीच काजळी आज मिरची-टोमॅटोच्या वाफ्यांवर अंथरलेली दिसते. शेतकरी ज्याला ‘मल्चिंग पेपर’ म्हणतात, तो वस्तुतः पॉलिथिनचा पापुद्रा. त्याचा काळेपणा म्हणजे शेकडा दोन-अडीच भाग काजळी.

हा रंग शोभेचा नव्हे. उन्हातील अतिनील किरण पॉलिथिनच्या लांबलचक रेणुसाखळ्या तोडतात, पापुद्रा ठिसूळ होतो. काजळीचे कण ते किरण शोषून त्यांची उष्णता करतात. कण सुमारे २० नॅनोमीटरचा असेल, तर एका मिलिमीटरच्या लांबीत असे ५० हजार कण बसतील! कण जितका सूक्ष्म, तितके त्याच वजनात पृष्ठफळ अधिक.

काजळीचे प्रमाण बरेच वाढविले की निराळाच चमत्कार घडतो. कण इतके निकट येतात की त्यांची सलग वाट तयार होते, आणि विजेला अडविणारे प्लॅस्टिक एकाएकी तिला वाट देते. इलेक्ट्रॉनिक भागांसाठीच्या काही काळ्या पिशव्या याच गुणावर बेतलेल्या असतात. जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ साली वर्णिलेल्या कर्बनलिका लांबट. त्यांची अशी वाट शेकडा एकाहून कमी प्रमाणातही जुळू शकते. मात्र भर अतिरेकी झाली की पापुद्र्याची ताण सोसण्याची शक्ती घटते.

खरी मेख मिसळण्यात आहे. सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. शाई करणारे तासन् तास खल चालवीत, ते उगाच नव्हे. गुठळीपाशी पापुद्रा फाटतो, आणि विरळ जागी ऊन आत शिरते. दुकानात मात्र चांगला आणि वाईट, दोन्ही सारखेच काळे! वेष्टनावर ‘नॅनो’ छापायला काही लागत नाही. घेणाऱ्याने हातभर तुकडा उजेडासमोर धरावा. पट्टे वा ठिपके दिसले, तर परत करावा. कारण मोसमाअखेर चिंध्या झालेला पापुद्रा गोळा करता येत नाही. तो नांगराखाली जातो, आणि आपल्या धारवाडच्या काळ्या मातीत काळा तुकडा शोधूनही सापडत नाही.