इंजिन गार असताना या!
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



माझी ओळख आत्ता 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' अशी करून दिली गेली. पण सकाळपासून तुम्ही सगळे विचारताय ते वेगळंच : "बाहेरची ती पिकअप खरंच तुझी?" हो, माझीच. सेकंडहॅण्ड, डिझेलची बोलेरो कॅम्पर. ती का घेतली आणि कशी पारखली, एवढंच सांगते.

वडील गेल्यावर पुरंदरमधली आमची अंजिराची बाग ठेवायची की विकायची, असा प्रश्न होता. आई म्हणाली, "बाग मी बघते, माल पुण्याला पोचवायचं तू बघ." अंजीर कुणासाठी थांबत नाही. पहाटे तोडलेला माल वेळेत मार्केट यार्डात गेला, तरच दर. भाड्याचा टेम्पो आला नाही की भरलेले क्रेट घरातच मऊ पडायचे. असे दोन हंगाम गेले आणि घरात विक्रीची बोलणी सुरू झाली. मी हिशेब मांडला : एकीकडे टेम्पोचं भाडं आणि वाया गेलेला माल, दुसरीकडे गाडीचा हप्ता. नवी परवडत नव्हती. जुनी, नीट पारखली तर, परवडत होती.

डबल कॅब घेतली, कारण रविवारी आई आणि मुलांना घेऊन जेजुरी-सासवड फिरायचं असतं. मागच्या हौद्यात माणसं बसवायची नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरवलं.

आता पारख. सायकलला हवा भरताना पंप खाली गरम होतो, आठवतं? डिझेल इंजिन त्याच तत्त्वावर चालतं. त्यात स्पार्क प्लग नसतो. हवा साधारण सतरा-अठरा पट दाबली जाते, ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. आतल्या रिंगा झिजल्या की हा दाब गळतो, आणि ते पहिल्यांदा कळतं गार इंजिन सुरू करताना. म्हणून बॉनेटवर हात ठेवायचा. एका ठिकाणी ते आधीच गरम होतं. मी म्हटलं, "उद्या सकाळी सातला येते." त्यांनी मिस्टरांकडे पाहिलं, मिस्टर म्हणाले, "गाडी ती घेतेय." सकाळी ती बराच वेळ घरघरली आणि पांढरा धूर सोडत राहिली. ती सोडली.

धूर बोलतो. निळा असेल तर ऑइल जळतंय, सतत काळा असेल तर इंजेक्टर किंवा एअर फिल्टर बघायचा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. आतून जोरात फुसफुस येत असेल तर दुरुस्ती मोठी आहे. खाली वाकून चॅसीचा गंज, वेल्डिंग आणि पाटे बघा. मीटर कमी किलोमीटर दाखवत असेल आणि पेडलचं रबर गुळगुळीत असेल, तर रबरावर विश्वास ठेवा. क्लच मी दिवे घाटात तपासला.

रंगाआधी कागद बघा. चॅसी नंबर आरसीशी जुळवा. फिटनेस, विमा, कर आणि थकलेली चलनं तपासा. कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांकडून फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विमाही आपल्या नावावर करून घ्या. आणि मैत्रिणींनो, परवान्याची भीती नको. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला मोटारीचा साधा परवाना चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

सर, बाई, "का?" असं विचारल्यावर तुम्ही आम्हाला कधी खाली बसवलं नाहीत. गाडीवाल्यांसमोर मला तेच उपयोगी पडलं. यंदा आमच्या घरात बाग विकायचा विषय निघालेला नाही. आई क्रेट मोजते, मी गाडी चालवते.

कुणाला जुनी गाडी घ्यायची असेल तर हक्कानं फोन करा, मी सोबत येईन. फक्त सकाळी सातला, इंजिन गार असताना!