नशेविषयीचे उत्तर किती खरे?



किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, हा तपशील अहवालात अन्यत्र दिलेला आहे. आज आम्ही एका अशा आकड्याविषयी बोलणार आहोत, ज्यावर आमचाच विश्वास नव्हता. दाखल होताना प्रत्येक रुग्णास आम्ही विचारतो, "कसली नशा करता का?" तंबाखू व दारू यांच्या रकान्यांत होकार मिळतात; गर्द, गांजा, एमडी यांपुढे बहुतेक वेळा 'नाही' असते.

चाकणच्या एका कारखान्यातील कंत्राटी कामगार पायाचे हाड मोडल्याने दाखल झाला. त्यानेही 'नाही' असेच सांगितले. दुसऱ्या दिवशी जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा आणि जुलाब सुरू झाले. आम्ही जंतुसंसर्ग शोधत राहिलो. रात्री त्याने परिचारिकेजवळ गर्दचे नाव घेतले. सकाळी प्रश्न विचारला, तेव्हा खाटेशी त्याचा मुकादम आणि थोरला भाऊ उभे होते. त्या दोघांसमोर त्याने काय सांगावे, अशी आमची अपेक्षा होती?

देशव्यापी पाहण्यांपुढेही हीच अडचण असते. २०००-०१ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ४० हजार पुरुषांना घरी जाऊन विचारले गेले. स्त्रियांना विचारलेच नव्हते. २०१८ मध्ये दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने २ लाखांहून अधिक कुटुंबे गाठली. परंतु घरच्यांच्या कानावर जाईल अशा ठिकाणी बेकायदा नशेची कबुली अपुरीच मिळणार, हे जाणून त्यांनी दुसरा मार्गही धरला. नशा करणाऱ्यांनीच आपले परिचित आणावेत, अशा साखळीने १३५ जिल्ह्यांत ७० हजारांवर व्यक्तींशी ते बोलले.

उत्तर देणाऱ्यास अभय देण्याची एक युक्ती वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये सुचविली. तिचे सोपे रूप असे : प्रत्येकाने एकट्याने नाणे उडवावे. छापा पडला तर 'होय' म्हणावे. काटा पडला तर खरे सांगावे. १०० जणांत ६० 'होय' आले, तर सुमारे ५० नाण्याचे. उरलेल्या ५० पैकी १० खरे, म्हणजे शेकडा २०. कोणाचा 'होय' कशाचा, हे विचारणाऱ्यालाही कळत नाही. संशोधनास हे ठीक. खाटेवरच्या रुग्णासाठी मात्र त्याचा उपयोग नाही, कारण आम्हांस नेमके त्याचेच उत्तर हवे असते.

मग सर्वांची लघवी तपासावी, असे सुचविले जाते. गर्दचा अंश तीत दोन-तीन दिवसच सापडतो; रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो कित्येक आठवडे राहतो. अमेरिकेत १९८७ पासून अटकेतील व्यक्तींची उत्तरे अशा तपासणीशी ताडून पाहिली गेली आणि अनेकांनी नाकारलेली नशा नमुन्यात आढळली. पोलीस ठाण्यात असेच होणार! रुग्णालयही रुग्णास पोलीस ठाणे वाटू लागले, तर तो पुन्हा येणार नाही.

म्हणून आता आम्ही आप्तेष्टांना बाहेर थांबवून हा प्रश्न विचारतो. काहींना ते अपमानास्पद वाटते. त्याबद्दल क्षमा असावी. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस अमली पदार्थविषयक कायद्याचे कलम ६४-अ काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देते, हेही रुग्णास सांगतो. इच्छा असल्यास त्यास व्यसनमुक्ती केंद्राची माहिती देतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण आपणांस परिचित आहेच.

यामुळे या रकान्यांतील होकार वाढले आहेत. परिसरात नशा वाढली, असा अर्थ केवळ या आकड्यांवरून कृपया काढू नये. आधी न मिळालेली उत्तरे आता मिळू लागली आहेत.

बाह्यरुग्ण विभागात मात्र अजून पडद्याआडच विचारावे लागते आणि पडद्यापलीकडे रांग असते. तेथे भिंत व दार करण्याचा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे.